ईमेल खात्यावरील देखरेख

अनेकांच्या टपालपेट्या एकाच मेल सर्व्हरवर असताना त्यांतल्या एखाद्या खात्याची पत्रे व्यवस्थापकाने पाहणे, त्यांच्या ये-जा नोंदी तपासणे किंवा प्रती बाजूला काढणे. देखरेख उघड असते, पाळत चोरून ठेवली जाते. तंत्र मात्र दोन्हींचे एकच.

ज्याच्याकडे सर्व्हरचे रूट अधिकार, म्हणजे यंत्रावर काहीही करण्याची मुभा, आहेत, त्याला खातेदाराचा पासवर्ड लागत नाही. पासवर्ड बदलून खात्यात शिरणे हा सर्वांत अडाणी मार्ग. खातेदाराचे लॉगिन अडते आणि बोभाटा होतो. मेलडिर पद्धतीत प्रत्येक पत्र ही स्वतंत्र फाइल असते आणि खातेदाराने ते वाचले की फाइलच्या नावाच्या शेवटी ‘एस’ हे अक्षर लागते. व्यवस्थापकाने तीच फाइल थेट उघडली तर अक्षर लागत नाही. खातेदाराला पत्र न वाचलेलेच, ठळक अक्षरांत दिसत राहते.

सतत देखरेख ठेवायची तर फाइली चाळत बसत नाहीत, प्रत वळवतात. वीत्से वेनेमा यांनी लिहिलेल्या पोस्टफिक्स या मेल सर्व्हर चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये सगळ्या पत्रांची प्रत एका पत्त्यावर पाठवण्याची सोय आहे, २.१ आवृत्तीपासून ठरावीक प्रेषकापुरती किंवा प्राप्तकर्त्यापुरतीही ती करता येते. एका ओळीचे काम, पण त्यात खाचा आहेत. २.२ पर्यंतच्या आवृत्त्यांत प्रतीची पेटी भरली की ‘पत्र पोहोचले नाही’ हा निरोप मूळ प्रेषकाकडे जाई आणि पाळतीचा पत्ता आपसूक उघडा पडे. २.३ पासून प्रतीला ‘कळवू नका’ अशी खूण लागते. पुढचे सर्व्हर ती मानत असतील तर निरोप जात नाही. विषाणू-गाळणीमुळे पत्र पोस्टफिक्समधून दोनदा जात असेल आणि पहिल्या फेरीत पत्ते जोडणे बंद केले नसेल, तर प्रतीही दोन येतात. नवख्या व्यवस्थापकाची पहिली तक्रार बहुधा हीच.

लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, साधारणतः प्रेषक, प्राप्तकर्ता, वेळ आणि आकार एवढेच असते. विषय किंवा मजकूर नसतो. पत्र गहाळ झाल्याच्या तक्रारीला बहुतेक वेळा तेवढे पुरते, पेटी उघडावी लागत नाही. प्रत वळवल्याची खूणही तिथेच सापडते : एकाच व्यक्तीला लिहिलेल्या पत्रापुढे प्राप्तकर्त्यांची संख्या २ आणि त्याच रांग-क्रमांकाखाली (सर्व्हरने त्या पत्राला दिलेल्या क्रमांकाखाली) दुसरा पत्ता. अर्थात लॉग पाहण्याचा अधिकारही व्यवस्थापकालाच असतो.

अमेरिकेत दुर्मिळ पुस्तकांची यादी चालवणाऱ्या इंटरलॉक या कंपनीने पुस्तकविक्रेत्यांना ईमेल खातीही दिली होती. १९९८ मध्ये अ‍ॅमेझॉनकडून त्यांना येणाऱ्या पत्रांच्या प्रती प्रोकमेल या पत्रे वेगळी लावणाऱ्या प्रोग्रामच्या नियमाने वळवल्याचा आरोप पुढे कंपनीच्या एका अधिकाऱ्यावर झाला. क्षणभर सर्व्हरवर साठलेले पत्र मधेच उचलणे म्हणजे ‘वाटेत अडवणे’ होते का, हा खरा वाद होता. अपील न्यायालयाच्या छोट्या पीठाने २००४ मध्ये ‘नाही’ म्हटले. पूर्ण पीठाने २००५ मध्ये तो निर्णय फिरवला.

भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम ४३ संगणकाच्या मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीशिवाय केलेल्या प्रवेशाबद्दल बोलते. परवानगी यंत्राच्या मालकाची, पेटी वापरणाऱ्याची नव्हे. कार्यालयीन खात्यांबाबतची संदिग्धता इथूनच येते. सरकारी देखरेख कलम ६९ खाली होते. २००९ च्या नियमांनुसार आदेश सर्वसाधारणपणे केंद्राचे गृहसचिव किंवा राज्याच्या गृह विभागाचे सचिव देतात. त्याची मुदत ६० दिवस, वाढवून एकूण १८०. खासगी कार्यालयांत पुष्कळदा साहेबाचा तोंडी निरोप हाच आदेश असतो. कोणते खाते, किती दिवस, मजकूरही की फक्त नोंदी, हे लेखी मागून घेणे व्यवस्थापकाच्याच हिताचे असते.

टीएलएसमुळे, म्हणजे पत्र वाटेत कूटबद्ध ठेवणाऱ्या पद्धतीमुळे, वाटेवरचा चोर अडतो, सर्व्हरचा व्यवस्थापक नाही. पत्र सर्व्हरवर उतरले की उलगडलेले असते. पीजीपी या कूटलेखनाच्या पद्धतीने प्रेषकानेच कुलूपबंद केलेला मजकूर त्यालाही वाचता येत नाही. कोणी, कोणाला, केव्हा लिहिले आणि बहुधा विषयाची ओळ, एवढे मात्र तिथेही उघडेच राहते.