तोंड आलंय? आधी फोड कुठे आहे ते आरशात पाहा

ओठाच्या किंवा गालाच्या आत, जिभेच्या कडेला, मधे पिवळट आणि भोवती लाल असा फोड म्हणजे नेहमीचं 'तोंड येणं'. आकार सहसा १० मिलिमीटरपेक्षा कमी. ७ ते १४ दिवसांत तो आपोआप भरतो, उष्टं खाल्ल्याने दुसऱ्याला होत नाही. ओठाच्या बाहेरच्या कडेला पुंजक्याने उठणारे पाणीदार फोड वेगळे. ते हर्पिस या विषाणूचे, संसर्गजन्य. आणि पुसल्यावर निघणारा पांढरा थर म्हणजे बुरशी. मधुमेह, दम्याचा पंप किंवा रात्रीही न काढलेली कवळी असली की ती बळावते.

हा फरक महत्त्वाचा, कारण नेहमीच्या फोडांवर आम्ही दवाखान्यात देतो ती ट्रायमसिनोलोन ०.१ टक्के पेस्ट स्टेरॉइडची आहे. हर्पिसवर किंवा बुरशीवर लावली तर त्रास वाढतो.

पेस्ट लावायची वेळ रात्रीची, दात घासून झाल्यावर. फोड स्वच्छ गॉझने टिपून कोरडा करा, मुगाच्या दाण्याएवढी पेस्ट बोटावर घेऊन नुसती टेकवा. चोळू नका. चोळली की ती रवाळ होऊन सुटते. "पेस्ट चिकटतच नाही" ही तक्रार बहुधा इथेच जन्मते. नंतर अर्धा तास खाणंपिणं नको. दुखणं जास्त असेल तर दिवसाही, जेवणानंतर, एकूण २-३ वेळा. आठवड्यात फरक पडला नाही तर थांबवा आणि दाखवायला या.

गुळण्यांना पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ पुरतं. क्लोरहेक्सिडिन ०.२ टक्के (जंतुनाशक गुळणी) दिलं असेल तर १० मिली, एक मिनिट, दिवसातून दोनदा. टूथपेस्टनंतर अर्ध्या तासाने, नाहीतर गुण कमी येतो. दोन आठवड्यांपुढे ओढू नका, दातांवर तपकिरी डाग धरतात. दुखऱ्या दाताशेजारी ॲस्पिरिनची गोळी किंवा लवंगतेल धरून ठेवणं सोडा: त्याने हिरडी भाजते, आणि दुखणी एकाची दोन होतात.

फोड दरवेळी त्याच जागी येतो? मग टोकदार दात, तार किंवा कवळी घासतेय. ती गुळगुळीत केल्याशिवाय औषधाचा उपयोग नाही. जागा बदलत वारंवार येत असेल तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ आणि फोलिक ॲसिड तपासा. कमतरता नसताना बी-कॉम्प्लेक्स खात राहण्यात फारसा अर्थ नाही, जरी तो सल्ला प्रत्येक घरात मिळतो. सोडियम लॉरिल सल्फेट (फेस आणणारा घटक) नसलेली टूथपेस्ट काहींना मानवते.

संधिवात किंवा सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट चालू असताना तोंडभर फोड आले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. ही आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं.

तीन आठवडे उलटूनही न भरलेला फोड, त्यातही न दुखणारा आणि कडक कडांचा, कधीच घरी सांभाळू नका. कर्करोग नाही ना हे पाहायला तुकडा काढून तपासावा लागेल. तंबाखू, गुटखा, मिश्री असेल तर आणखी एक पाहा: तोंडात तीन बोटं उभी मावतात का? मावत नसतील, किंवा साधी भाजीही झोंबत असेल, तर फोड नसला तरी या. येताना चालू गोळ्यांची पाकिटं सोबत आणा.