चिपाडाचा कोळसा आणि पाण्यातले धातू

गाळपाचा हंगाम सुरू झाला की कोल्हापूर जिल्ह्यात चिपाडाला, म्हणजे रस काढून उरलेल्या उसाच्या चोथ्याला, तोटा नसतो. एक टन उसामागे पाव टनाहून थोडं जास्तच ओलं चिपाड निघतं. गुऱ्हाळात ते वाळवून चुलवाणात घालतात, साखर कारखान्यात ते बॉयलरला जातं. त्यातलं थोडं उघड्यावर न जाळता कोंडून भाजलं, तर पाण्यातलं शिसं, कॅडमियम, तांबं, निकेल धरून ठेवणारा कोळसा मिळतो.

उघड्या आगीत कार्बन हवेत निघून जातो आणि हाती राख उरते. हवा तोडून तापवलं की पाणी, धूर, डांबर बाहेर पडतं आणि कार्बनचा सांगाडा मागे राहतो. मग 800 ते 900 अंश सेल्सिअसला त्यावर पाण्याची वाफ सोडतात. नाहीतर चिपाड आधीच फॉस्फोरिक आम्लात भिजवून कमी तापमानाला भाजतात. सांगाडा आतून पोखरला जातो. अशा चांगल्या कोळशाच्या एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग 1000 चौरस मीटरपर्यंत भरतो, म्हणजे चिमूटभर पुडीत जवळपास दहा गुंठे!

पण धातूंसाठी नुसता पृष्ठभाग पुरत नाही, आणि हेच बहुतेकदा सांगायचं राहून जातं. रंग आणि वास त्या छिद्रांत अडकतात. धातू मात्र पाण्यात विद्युतभारित आयनांच्या रूपात असतात. त्यांना धरायला कोळशावर ऑक्सिजन असलेले रासायनिक गट लागतात. ते आपला हायड्रोजन सोडतात आणि धातू पकडतात. पाणी फार आम्लधर्मी असेल तर हायड्रोजनच त्या जागा अडवून बसतो. म्हणून शिसं, कॅडमियम सामू (pH, हा आकडा जितका कमी तितकं पाणी जास्त आम्लधर्मी) 5-6 च्या आसपास चांगलं धरलं जातं. सहा संयुजेच्या विषारी क्रोमियमचं उलटं आहे. ते ऋणभारित क्रोमेटच्या रूपात असल्याने 2-3 सामूला अधिक पकडलं जातं, आणि त्यातल्या काहीचं रूपांतर कोळसाच कमी विषारी क्रोमियममध्ये करतो.

हा कोळसा वापरायची जागा माझ्या मते नदी नव्हे. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतींत यंत्रांचे सुटे भाग बनतात. अशा भागांवर निकेल-क्रोमचा मुलामा दिल्यावर जे धुवण निघतं, त्यात कोणता धातू आहे हे ठाऊक असतं आणि पाणीही थोडं असतं. तेच पंचगंगेत मिसळलं की सांडपाण्यातली सगळी घाण कोळशावरच्या जागा आधी पटकावते.

घरी चुलीतले निखारे विझवून गाळणी करू नये. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे, कॅडमियमची 0.003, एवढं थोडं प्रमाण डोळ्याला किंवा जिभेला कळत नाही, प्रयोगशाळेतच कळतं. पाणी उकळूनही धातू जात नाहीत, उलट पाणी आटतं आणि त्यांचं प्रमाण वाढतं.

वापरलेल्या कोळशाचं काय, हा प्रश्न उरतोच. आम्लाने धुऊन धातू परत मिळवता येतो आणि कोळसाही आणखी काही वेळा पुन्हा वापरता येतो, पण दर धुण्याला त्याची ताकद उतरते. शेवटी तो घातक कचरा म्हणूनच पाठवावा लागतो. खत समजून शेतात तर मुळीच टाकू नये. जमिनीचा सामू उतरला की धरलेला धातू पुन्हा सुटतो आणि मुळांपर्यंत पोचतो.