डिजिटल पोटेन्शिओमीटर : लिनक्समधील ड्रायव्हरद्वारे नियंत्रण

डिजिटल पोटेन्शिओमीटर म्हणजे रोधावरील 'वायपर' या सरकत्या टोकाचे स्थान आकड्याने ठरवता येणारा आयसी (चिप). लिनक्स कर्नेलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, तो मुख्यतः आयआयओ (इंडस्ट्रियल आय/ओ) या उपप्रणालीतून चालवतात. आयसीशी आय-टू-सी किंवा एसपीआय या बसवरून (चिप जोडणाऱ्या तारांच्या मार्गावरून) होणारा व्यवहार ड्रायव्हर सांभाळतो आणि वायपरचे स्थान सिसएफएसमधल्या (कर्नेलमधील माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या रचनेतल्या) फाइलीत आकड्याच्या रूपात देतो.

याआधी, साधारण २००९-१० मध्ये, कर्नेलच्या 'मिस्क' (संकीर्ण) विभागात एडी५२५एक्स या आयसींच्या कुळासाठी ड्रायव्हर आला होता. त्याच्या 'आरडॅक' फाइलीत नुसता आकडा असे, एकक नसे. आयआयओतील पोटेन्शिओमीटरची शाखा त्यानंतरची, २०१५-१६ च्या सुमाराची असून एमसीपी४५३१ या आयसीचा ड्रायव्हर तिच्यातील सुरुवातीच्यांपैकी एक.

हे उपकरण रोध मानायचे की व्होल्टेज विभाजक, याबद्दल दोन दृष्टी आहेत. आयआयओने रोध मानला. म्हणून 'रॉ' फाइलीतील आकड्याला (वायपरच्या स्थानाला) 'स्केल' फाइलीतील आकड्याने गुणले की ओहम मिळतात. एमसीपी४५३१ च्या १० किलोओहम प्रकारात स्थाने ० ते १२८, म्हणजे स्केल १०,००० ÷ १२८ = ७८.१२५, ६४ लिहिल्यास बी (रोधाचे एक टोक) आणि वायपर यांच्यात ५,००० ओहम. मात्र हा रोध नाममात्र आहे. एकूण रोधाची सहनशीलता (नाममात्र मूल्यापासूनचा संभाव्य फरक) ±२० टक्के असल्याने प्रत्यक्षात ४,००० ते ६,००० ओहम येऊ शकतात आणि त्यात वायपरचा सुमारे ७५ ओहमचा रोध मिळतो, जो स्केलमध्ये धरलेला नसतो. विभाजक म्हणून जोडल्यास गुणोत्तर बरेच अचूक राहते, कारण वरचा व खालचा भाग एकाच प्रमाणात चुकतो. त्यामुळे अचूकता हवी तिथे दुसरी दृष्टी अधिक ग्राह्य ठरते. 'डीपॉट-डॅक' ड्रायव्हर हेच करतो : संदर्भ व्होल्टेज ३.३ व्होल्ट असेल तर दर पायरीला सुमारे २५.८ मिलिव्होल्ट.

जोडणीसाठी डिव्हाइस ट्रीत (कर्नेलला हार्डवेअरची माहिती देणाऱ्या वर्णनात) नोंद करतात, किंवा चाचणीपुरते रूट अधिकाराने त्या बसच्या 'न्यू_डिव्हाइस' फाइलीत आयसीचे नाव (उदा. एमसीपी४५३१-१०३) व पत्ता लिहितात. एमसीपी४५३१ चा पत्ता ए० पिनेनुसार हेक्साडेसिमल २ई किंवा २एफ. नावातील शेवटचे '१०३' म्हणजे १० वर तीन शून्ये. इथे सहज चूक होऊ शकते. आयसी कोणत्या रोधाचा आहे हे ड्रायव्हर तपासत नाही. '१०४' लिहिले तर स्केल दहापट येते आणि कुठलीही त्रुटी दिसत नाही. सुरुवातीला हा ड्रायव्हर आयसी वाचूनही पाहत नाही, त्यामुळे पत्ता चुकला तरी फाइली तयार होतात आणि अपयश पहिल्या वाचनाला कळते. मर्यादेबाहेरचा आकडा मात्र 'इन्व्हॅलिड आर्ग्युमेंट' म्हणून लगेच नाकारला जातो.

एमसीपी४५३१ ची स्मृती अस्थायी आहे. वीज गेल्यावर वायपर पुन्हा मध्यावर, ६४ वर येतो. एमसीपी४५४१ मध्ये स्थायी स्मृती असली तरी हाच ड्रायव्हर फक्त अस्थायी नोंदवही (रजिस्टर) बदलतो. एडी५११० च्या ड्रायव्हरमध्ये साठवणुकीसाठी वेगळी फाइल आहे.