आओस्ताचा ड्यूक आमेदेओ (१८९८–१९४२)

आमेदेओ हा इटलीच्या सावोय राजघराण्यातल्या आओस्ता शाखेचा तिसरा ड्यूक, लष्करी ऑफिसर, पायलट, आणि १९३७ ते १९४१ या काळात इटालियन ईस्ट आफ्रिकेचा, म्हणजे आजचा इथिओपिया, एरिट्रिया आणि सोमालियाचा बराचसा भाग मिळून जी वसाहत होती तिचा व्हाइसरॉय. इटलीत त्याला आजही अंबा अलागीचा (इथिओपियातला एक डोंगर) वीर म्हणतात, पण त्याची गोष्ट तेवढ्यावर थांबवली तर ती अर्धीच राहते.

जन्म २१ ऑक्टोबर १८९८, तोरिनो. आजोबा काही काळ (१८७०–७३) स्पेनचे राजे होते, वडील एमानुएले फिलिबेर्तो पहिल्या महायुद्धात इटलीच्या थर्ड आर्मीचे कमांडर, आई फ्रान्सच्या ऑर्लेआन घराण्यातली. शाळा थोडी इंग्लंडमध्ये, मग नेपल्सच्या मिलिटरी कॉलेजमध्ये. १६ वर्षांचा असताना साधा शिपाई म्हणून तोफखान्यात भरती झाला आणि ऑस्ट्रियाविरुद्धच्या कार्सोच्या आघाडीवर लढला. युद्धानंतर काकांबरोबर सोमालियात शेतीच्या प्रोजेक्टवर गेला, मग बेल्जियन काँगोत साबणाच्या कारखान्यात चक्क नोकरी केली, राजपुत्र असं करत नाहीत त्या काळात. नंतर पालेर्मोतून कायद्याची डिग्री, पायलटचं लायसन्स, आणि इटलीच्या ताब्यातल्या लिबियाच्या वाळवंटात उंटदळाबरोबर मोहिमा. ती मोहीमही वसाहत दाबून धरायचीच होती हे विसरू नये. १९२७ मध्ये ऑर्लेआनच्याच ॲनशी लग्न झालं, दोन मुली झाल्या, आणि त्रिएस्तेजवळच्या मिरामारे किल्ल्यात हे कुटुंब राहायचं.

१९३७ च्या शेवटी मुसोलिनीने त्याला आधीचा व्हाइसरॉय ग्रात्सियानी याच्या जागी वसाहतीच्या राजधानीत, अदिस अबाबाला पाठवलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत ग्रात्सियानीवर हल्ला झाल्यावर शहरात हजारो इथिओपियन लोकांची कत्तल झाली होती, त्यामुळे जरा माणुसकीने वागणारा कोणीतरी हवा होता. आमेदेओ तसा होता, निदान आधीच्यापेक्षा तरी नक्कीच, रस्ते आणि बांधकामावर भर दिला, स्थानिक सरदारांशी बोलणी केली. पण वंशभेदाचे कायदे त्याच्याच काळात लागू होते आणि एप्रिल १९३९ मध्ये इथिओपियातल्या झेरेटच्या गुहेत बायकामुलांसकट लपलेल्या बंडखोरांवर इटालियन सैन्याने मस्टर्ड गॅस वापरला, बाहेर आलेल्या शेकडो लोकांना गोळ्या घातल्या. सज्जन व्हाइसरॉय ही इमेज वाचताना हे शेजारी ठेवूनच वाचायला हवं, कारण राज्य त्याच्या नावाने चाललं होतं.

१० जून १९४० ला इटली महायुद्धात उतरली आणि ही वसाहत चहूबाजूंनी तुटली, कारण सुएझ इंग्रजांकडे, म्हणजे पेट्रोल, टायर, दारूगोळा काहीच यायची सोय नाही. तरी ऑगस्टमध्ये ब्रिटिश सोमालीलँड घेतलं. जानेवारी १९४१ पासून मात्र ब्रिटिशांचा उलटा मार सुरू झाला, आणि त्यात आपली माणसं होती. खडकीच्या बॉम्बे सॅपर्समधल्या सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्र सिंग भगत यांना याच मोहिमेत सुरुंग काढण्यासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांत, जिथे इटालियन सैन्य सात आठवड्यांवर चिवटपणे लढलं, तिथे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवानही लढले. केरेन मार्चअखेर पडलं, ६ एप्रिलला अदिस अबाबा गेलं, ५ मेला इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी राजधानीत परतले.

आमेदेओ उत्तरेला अंबा अलागीवर जाऊन बसला. हा सुमारे ३,४०० मीटर उंचीचा डोंगर, इथेच १८९५ मध्ये इथिओपियन सैन्याने मेजर तोसेल्लीची तुकडी कापून काढली होती. आता एका बाजूने पाचवी इंडियन डिव्हिजन, दुसरीकडून साउथ आफ्रिकन ब्रिगेड, शिवाय रास (इथिओपियन सरदारांचा किताब) सेयूमचे इथिओपियन लढवय्ये. सुमारे ५,००० माणसं वर अडकलेली, जखमींचे हाल, तोफेच्या माऱ्यात पिण्याच्या पाण्यात तेल मिसळलं, मग लढणार कसं. १९ मे १९४१ ला सैन्य खाली उतरलं आणि शत्रूने त्यांना लष्करी मानवंदना दिली. हरलेल्या सेनापतीला असा मान फार थोड्या वेळा मिळतो. त्याला केनियात युद्धकैदी म्हणून ठेवलं, मलेरिया आणि टीबीने तब्येत ढासळत गेली आणि ३ मार्च १९४२ ला नैरोबीत तो वारला, वय फक्त ४३. इटलीने त्याला शौर्याचं सुवर्णपदक दिलं, आणि त्याची कबर केनियातल्या न्येरीच्या इटालियन स्मारक चर्चमध्ये त्याच्या सैनिकांसोबतच आहे.

मुलगा नसल्यामुळे ड्यूकपद धाकटा भाऊ आयमोनेकडे गेलं, ज्याला १९४१ मध्येच कागदोपत्री क्रोएशियाचा राजा केलेलं होतं.