केशकूपाचा रक्तपुरवठा: आधी वाहिनी की आधी केस?

आधी शब्दाचा घोळ मिटवू. केशवाहिनी म्हणजे केसाला रक्त पुरवणारी वाहिनी नव्हे. केसासारखी बारीक ती केशवाहिनी, मग ती यकृतात का असेना. केशकूपाच्या, म्हणजे केस जिथून उगवतो त्या त्वचेतल्या पिशवीच्या, चर्चेत हा गोंधळ हमखास होतो.

जुने अभ्यासक प्राण्याच्या धमनीत काळी शाई सोडून त्वचेचे जाड काप घेत. पातळ कापात वाहिन्यांचं जाळं दिसत नाही, नुसते ठिपके दिसतात. पण शाई उघड्या वाहिन्यांतच शिरते, त्यामुळे मिटलेल्या वाहिन्या मोजणीतून सुटायच्या. 1950 च्या दशकात अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम रंगवून वाहिन्या दाखवायची पद्धत वापरात आली, तर त्यातही खोट निघाली. हे एन्झाइम वाहिन्यांच्या भिंतीत असतं तसं पॅपिलाच्या, म्हणजे केसाच्या मुळाशी असलेल्या उंचवट्याच्या, पेशींतही असतं. अख्खा पॅपिला रंगतो आणि रक्ताने गच्च भरल्यासारखा भासतो. प्रत्यक्षात डोक्यावरच्या जाड केसाच्या पॅपिलात वाहिन्यांचं वेटोळं शिरतं; उंदराच्या अंगावरच्या बारीक केसाच्या पॅपिलात बहुधा शिरतच नाही, तरी केस वाढतोच. भोवतालच्या जाळ्यातून झिरपणारं त्याला पुरतं. (उंदराच्या मिशीचा केस रक्ताने भरलेल्या पोकळीत बसतो, पण ती सोय मुख्यतः स्पर्शासाठी.)

ॲनाजेनमध्ये, म्हणजे केस वाढण्याच्या टप्प्यात, कूप खाली उतरतो तसं जाळं दाट होतं आणि कॅटाजेनमध्ये, म्हणजे कूप आक्रसण्याच्या टप्प्यात, विरतं, हे तेव्हापासून ठाऊक होतं. वाद होता तो कारणाचा: जाळ्यामुळे केस वाढतो की केसामुळे जाळं? 2000 मध्ये उंदरांना नव्या वाहिन्या रोखणारं औषध दिलं, तेव्हा ॲनाजेन रेंगाळला. 2001 मध्ये कूपाच्या बाह्य आवरणातल्या पेशींकडून व्हीईजीएफ (नव्या वाहिन्या वाढवणारं प्रथिन) जास्त तयार करवलं, तर केस लवकर उगवले आणि कूप मोठे झाले. व्हीईजीएफ निष्प्रभ केल्यावर उलट घडलं. म्हणजे मागणी कूप करतो आणि पुरवठा आखडला की त्याची वाढ अडते. ‘रक्त वाढवा, केस येतील’ एवढं यातून सिद्ध होत नाही.

मिनॉक्सिडिल या औषधाने नेमका हाच गैरसमज पसरवला. त्याच्या रक्तदाबाच्या गोळीने अंगभर केस आले, 1988 मध्ये अमेरिकेत त्याचं डोक्याला लावायचं द्रावण मंजूर झालं, आणि श्रेय रुंदावलेल्या वाहिन्यांना गेलं. पण हायड्रॅलाझिन हे रक्तदाबाचं दुसरं औषधही वाहिन्या रुंदावतं. त्याने केस येत नाहीत. मिनॉक्सिडिलला आधी कूपातल्या एन्झाइमकडून सल्फेट जोडून घ्यावं लागतं. ज्यांच्यात ते एन्झाइम कमी, त्यांना गुणही कमी.

टकलाच्या जागी रक्तप्रवाह कमी मोजला गेला आहे खरा, पण मोठे कूपच आक्रसले तर जाळं कशाला टिकेल? डोक्याच्या मागच्या भागातला कूप तिथे रोवला तर पहिले काही दिवस तो झिरपत्या द्रवावर तगतो, मग वाहिन्या जोडल्या जातात. वरचा केस बहुधा काही आठवड्यांत गळतो. नवा तीन-चार महिन्यांनी त्याच टकलावर उगवतो.