आपला गेम आता फ्लॅटहबवर, घेण्याआधी एवढं वाचा

आतापर्यंत लिनक्सवाल्यांना आम्ही दोन फाइली द्यायचो, उबुंटूसाठी डेब (त्याचं इन्स्टॉल करायचं पॅकेज) आणि बाकी सगळ्यांसाठी टार (झिपसारखा नुसता गठ्ठा). त्या टारने आमचं डोकं खाल्लंय खरं सांगायचं तर. कुणाकडे जीलिबसी ही लिनक्सची मूळ लायब्ररी जुनी, कुणाकडे एखादी लायब्ररीच नाही, कुणाकडे सगळं असून आवाज येत नाही. आम्ही इनमीन तीन माणसं, प्रत्येक डिस्ट्रोसाठी, म्हणजे लिनक्सच्या प्रत्येक प्रकारासाठी, वेगळं पॅकेज करत बसलो तर गेम कधी करणार? म्हणून आता एकच फ्लॅटपॅक, म्हणजे सगळ्या लिनक्सवर चालणारं पॅकेज, बनवतो आणि तो फ्लॅटहबवर, म्हणजे अशा पॅकेजांच्या ऑनलाइन स्टोअरवर, टाकतो, फेडोरा, मिंट, डेबियन सगळीकडे तोच चालतो.

फेडोरा आणि मिंटमध्ये फ्लॅटपॅक आधीपासूनच असतं, सॉफ्टवेअर स्टोअर उघडून गेमचं नाव शोधलं की झालं (फेडोरावर फक्त थर्ड पार्टी रेपॉझिटरी चालू हव्यात). उबुंटूवर मात्र स्नॅप ही त्यांची स्वतःची पॅकेज पद्धत असते, तिथे फ्लॅटपॅक स्वतः टाकून फ्लॅटहब जोडावं लागतं आणि मग एकदा रीस्टार्ट, नाहीतर मेनूत आयकॉनच दिसत नाही आणि लोकांना वाटतं इन्स्टॉल झालंच नाही. स्टीम डेकवाल्यांनी डेस्कटॉप मोडमध्ये जाऊन डिस्कव्हर नावाच्या स्टोअरमधून घ्या. नावाजवळ व्हेरिफाइडची टिक बघून घ्या, आमच्या वेबसाइटवर टोकन ठेवून ती मिळवलीय. मिंट २२ पासून टिक नसलेले फ्लॅटपॅक बाय डिफॉल्ट दाखवतच नाही, त्यामुळे ती लागणारच होती.

पहिलं डाउनलोड बघून दचकू नका. गेम छोटाच आहे, पण त्याच्याबरोबर रनटाइम येतो, म्हणजे गेमला लागणाऱ्या लायब्रऱ्यांचा गठ्ठा, आणि तो काहीशे एमबींचा असतो. तोच रनटाइम दुसऱ्या कुठल्या ॲपने आधी आणला असेल तर परत उतरत नाही, आणि पुढचे अपडेट म्हणजे फक्त बदललेला भाग. दर ऑगस्टला नवा रनटाइम येतो (२४.०८ म्हणजे २०२४ चा ऑगस्ट) आणि साधारण दोन वर्षं त्याला सपोर्ट असतो. रनटाइम जुना झाला असा इशारा कधी दिसला तर ते काम आमचं, तुम्ही काही करायचं नाही, फार तर आम्हाला मेल टाकून शिव्या द्या.

आता जुन्या सेव्हचं नीट वाचा, यात लोक रडकुंडीला येतात. फ्लॅटपॅकमधला गेम सँडबॉक्समध्ये, म्हणजे बाकी सिस्टीमपासून वेगळ्या बंद जागेत, चालतो, तुमचा होम फोल्डर त्याला दिसत नाही, आम्ही ती परमिशन मागितलीच नाहीये. त्यामुळे टारवाल्या गेमचे सेव्ह त्याला सापडणार नाहीत, गेम पहिल्या लेव्हलपासून सुरू होईल. सेव्ह कुठे गेले नाहीत, घाबरू नका. फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच दाबा, लपलेले फोल्डर दिसतील, डॉट लोकलमधल्या शेअरमध्ये (.local/share) आमच्या गेमचा फोल्डर आहे, तो अख्खा कॉपी करून डॉट व्हारमधल्या ॲपमध्ये (.var/app) गेमच्या आयडीचा फोल्डर आहे त्याच्या डेटामध्ये (data) टाका. तो फोल्डर गेम एकदा चालवल्यावरच तयार होतो, म्हणून आधी एकदा उघडून बंद करा. आणि कॉपीच करा, कट नको. नंतर कधी गेम काढलात तरी हे सेव्ह तिथेच राहतात, डेटापण डिलीट करा असं तुम्हीच सांगितलं तरच जातात.

स्टोअरमध्ये गेमखाली डिव्हाइस ॲक्सेसची वॉर्निंग दिसेल, ती कंट्रोलरमुळे. जुन्या फ्लॅटपॅकमध्ये फक्त गेमपॅडसाठी वेगळी परमिशनच नव्हती, द्यायचे तर सगळेच डिव्हाइस, अगदी वेबकॅमसुद्धा. १.१६ मध्ये ती वेगळी सोय आली, पण बऱ्याच जणांकडे अजून जुनंच व्हर्जन आहे म्हणून सध्या हे असं. नको वाटत असेल तर फ्लॅटसील नावाच्या ॲपमधून बंद करा, कीबोर्डवर गेम मस्त चालतो.

एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्डवाल्यांनो, तुमच्यासाठी एक वेगळं लफडं आहे. तुमच्या सिस्टीममधला ड्रायव्हर आणि फ्लॅटपॅकमधला ड्रायव्हर, दोघांचं व्हर्जन अगदी तंतोतंत जुळावं लागतं. सिस्टीमने स्वतःचा ड्रायव्हर अपडेट केला आणि फ्लॅटपॅकचा मागे राहिला की गेम एकतर उघडतच नाही नाहीतर स्लाइड शोसारखा चालतो, कारण सगळं चित्र प्रोसेसरवर काढलं जातं. टर्मिनलमध्ये फ्लॅटपॅक अपडेटची कमांड (flatpak update) द्या, मशीन रीस्टार्ट करा, नव्वद टक्के वेळा तेवढ्यावर भागतं. एएमडी आणि इंटेलवाल्यांना ही कटकट नाही, त्यांचा मेसा ड्रायव्हर रनटाइमबरोबरच येतो.

पैशांचं म्हणाल तर फ्लॅटहबवरून गेम फुकट उतरतो, डेमो म्हणून चालतो, आणि आमच्याकडून घेतलेली लायसन्स की टाकली की पूर्ण उघडतो. जुनी कीच चालेल, परत विकत घ्यायची गरज नाही. तरी काही अडलं तर मेल करा, फक्त मेलमध्ये डिस्ट्रोचं नाव, ग्राफिक्स कार्ड आणि गेम टर्मिनलमधून चालवल्यावर जे काही छापून येतं ते पेस्ट करा, नुसतं चालत नाही एवढंच लिहिलंत तर आम्ही उलट हेच विचारणार आणि दोघांचाही एक दिवस जाणार.