उणे तेरा मीटरचा नळ

"सर, या नोडला दाब उणे तेरा मीटर येतोय. म्हणजे नळ सोडला की पाणी बाहेर यायच्या ऐवजी आत ओढलं जाणार का?"

गावाच्या नळजाळ्याचं गणित संगणकावर करताना दरवर्षी एखादा तरी विद्यार्थी लॅपटॉप माझ्याकडे वळवून हे विचारतो. प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. पाण्याचा दाब आम्ही मीटरमध्ये मोजतो. दाब १२ मीटर म्हणजे त्या जागी उभी नळी जोडली तर पाणी तिच्यात १२ मीटर चढेल. आमचा शून्य म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब, आणि तो असतो साधारण १०.३ मीटर पाण्याइतका. पाइपातली सगळी हवा उपसून पूर्ण पोकळी केली, तरी दाब उणे १०.३ च्या खाली जायला जागाच नाही. म्हणजे उणे तेरा ही गोष्ट निसर्गात नाही. सॉफ्टवेअरने मात्र ती दोन दशांश स्थळांसह, शांतपणे छापलेली असते.

बहुतेक वेळा कारण एकच निघतं. पोराने 'डिमांड मल्टिप्लायर' नावाच्या, म्हणजे गावाची सगळी मागणी एकदम गुणणाऱ्या, चौकटीतला १ खोडून ३ केलेला असतो.

हे सॉफ्टवेअर म्हणजे एपानेट. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेत लुईस रॉसमन यांनी ते तयार केलं, १९९३ मध्ये ते पहिल्यांदा बाहेर आलं आणि आजही फुकट मिळतं. गावाचं वितरण जाळं त्यात काढायचं: टाक्या, पंप, पाइप, आणि पाइप जिथे मिळतात ते जोडबिंदू, म्हणजे नोड. प्रत्येक नोडवर लिहायचं की इथून सरासरी इतकं पाणी काढलं जातं. हीच मूळ मागणी, बेस डिमांड. मग कुठल्या पाइपातून किती पाणी वाहील आणि कुठे किती दाब उरेल, याची समीकरणं संगणक सोडवतो. १९३६ मध्ये हार्डी क्रॉस यांनी हेच गणित कागदावर, एकेक वळसा घेऊन, चुका हळूहळू कमी करत सोडवायची रीत दिली होती. तेव्हा मोठ्या जाळ्याला दिवसच्या दिवस लागायचे. आता क्षणभर पुरतो, आणि त्यामुळेच आकडे फिरवून बघायचा मोह आवरत नाही.

त्या ३ चं काय झालं ते पाहू. समजा ४०,००० वस्तीचं गाव आहे. केंद्र सरकारच्या १९९९ च्या पाणीपुरवठा नियमपुस्तिकेत भुयारी गटार असलेल्या शहराला माणशी रोज १३५ लिटर धरायला सांगितलं होतं. म्हणजे रोजचे ५४ लाख लिटर, सेकंदाला सरासरी ६२.५. पण लोक सरासरीने पाणी वापरत नाहीत, सकाळी सहा ते नऊ वापरतात. म्हणून त्याच पुस्तिकेत ५०,००० पर्यंतच्या वस्तीसाठी सरासरीच्या तिप्पट प्रवाह धरायचा नियम होता. प्रवाह गेला सेकंदाला १८७.५ लिटरवर. इथपर्यंत सरळ त्रैराशिक.

पाइपातलं घर्षण मात्र त्रैराशिकाने चालत नाही. आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या हेझन-विल्यम्स सूत्रात दाबाची घट प्रवाहाच्या १.८५२ व्या घाताने वाढते. प्रवाह दुप्पट तर घट ३.६ पट, तिप्पट तर ७.६५ पट. टाकीतलं पाणी शेवटच्या घराच्या नळापेक्षा २५ मीटर उंच आहे आणि सरासरी प्रवाहाला वाटेत ५ मीटर खर्ची पडतात असं धरा. शेवटी उरतात २० मीटर, त्या पुस्तिकेप्रमाणे दुमजली घरासाठी लागणाऱ्या १२ पेक्षा भरपूर. आता तिप्पट करा. घट ३८ मीटरच्या वर जाते, आणि पंचवीसातून अडतीस वजा केले की आपला उणे तेरा.

हा आकडा छापला जातो, कारण सॉफ्टवेअरला आपण प्रश्नच तसा घातलेला असतो. जुन्या पद्धतीच्या गणितात मागणी ही काळ्या दगडावरची रेघ. नोडला सेकंदाला चार लिटर लिहिले की चार लिटर निघणारच, दाब असो वा नसो. खऱ्या गावात दाब संपला की नळ आधी बारीक होतो, मग थेंब थेंब, मग नुसता फुसफुसतो. तेव्हा उणे तेराचा अर्थ इतकाच: इतकं पाणी त्या घराला या पाइपांतून मिळणं शक्य नाही.

किती मिळेल हे विचारायचं तर गणिताची पद्धतच बदलावी लागते. एपानेटच्या २०२० मध्ये आलेल्या २.२ आवृत्तीत ती सोय आहे: मागणी दाबावर अवलंबून ठेवायची. पुरेसा दाब किती आणि कुठल्या दाबाला पाणी बंद होतं, हे दोन आकडे द्यायचे. मधल्या पट्ट्यात पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात मिळतं. पुरेसा दाब १२ मीटर आणि बंद होण्याचा शून्य धरला, तर ३ मीटरला निम्मं पाणी. म्हणजे हंडा भरायला दुप्पट वेळ. हे उत्तर कुठल्याही आईला पटेल. उणे तेरा पटणार नाही.

तरी आपल्याकडे एवढ्याने भागत नाही. चोवीस तास पाणी असेल तर मागणी माणसं ठरवतात: कोण कधी उठलं, कोणी मशीन लावलं. पण बहुतेक गावांत पाणी दोन-तीन तास येतं आणि मागणीचं वेळापत्रक व्हॉल्व्हमनच्या खिशात असतं. पाणी आलं की टाकी, पिंप, बादली, पातेली सगळं भरून घ्यायचं. दिवसभराचं पाणी तीन तासांत पोचवायचं तर प्रवाह सरासरीच्या आठपट लागतो, आणि घर्षणाची घट ४७ पट! इतक्या मोठ्या नळ्या कोणी घातलेल्याच नसतात. मग होतं असं, की जलकुंभाशेजारची सोसायटी हौद काठोकाठ भरून घेते, मधली आळी टुल्लू पंप लावते आणि शेवटच्या गल्लीत कळशी अर्धी व्हायच्या आत पाणी जातं. अशा गावाचं मॉडेल करताना वर्गमुळाच्या नियमालासुद्धा वरची मर्यादा ठेवून चालत नाही. उघडा सोडलेला नळ गरजेइतकं घेऊन थांबत नाही, दाब देईल तितकं घेतो, निदान हौद भरेपर्यंत. एपानेटमध्ये त्यासाठी 'एमिटर' आहे, मुळात स्प्रिंकलर आणि फवाऱ्यासाठी केलेला. आपण तो घरांना लावतो. गंमत वाटते, पण बसतो चपखल. आणि एकदा सगळी घरं एमिटरने दाखवली की मल्टिप्लायरची चौकट निरर्थक होते. तिथे ३ लिहा नाहीतर ३०, उत्तर हलत नाही, कारण एमिटरला तो गुणक लागूच होत नाही.

गळतीची गोष्ट अशीच. योजनेच्या आकड्यात गळतीसाठी १५ टक्के मिळवायची पद्धत आहे. ते मिळवून आपण ६२.५ चे ७१.९ करतो आणि मग सगळ्यालाच तीनने गुणतो: २१५.६. पण फुटका जोड सकाळी आंघोळीला उठत नाही. त्याला गर्दीची वेळ नसते. तो दाबावर जगतो, म्हणून रात्री, नळ बंद होऊन दाब चढला की जास्त गळतो. लोकांची मागणी तिप्पट आणि गळती आहे तशीच ठेवली, तर बेरीज १९६.९ येते. फरक सेकंदाला १९ लिटरचा दिसतो, पण घर्षणात तोच फरक १८ टक्क्यांचा होतो, आणि अठरा टक्क्यांपायी पाइपाचा व्यास एक माप वर सरकू शकतो. एपानेटमध्ये एकाच नोडला मागणीचे वेगवेगळे प्रकार देता येतात: घरगुती, शाळा, हॉटेल, प्रत्येकाचं वेळापत्रक निराळं. हे फारसं कोणी भरत नाही. कंटाळवाणं काम आहे, मान्य.

वेळापत्रकाचाही एक सापळा आहे आणि त्यात मी स्वतः पडलोय. चोवीस तासांचे चोवीस गुणक भरायचे, त्यांची सरासरी १ यायला हवी. ती १.२ आली तरी सॉफ्टवेअर हूं की चूं करत नाही. गाव दिवसाला वीस टक्के जास्त पाणी पिऊ लागतं. शिवाय ज्या नोडला वेळापत्रक दिलेलं नाही त्याला '१' नावाचं वेळापत्रक आपोआप लागतं, अर्थात तसं असलं तर. मी हॉटेलांसाठी केलेल्या वेळापत्रकाला सहज '१' नाव दिलं होतं. अख्खं गाव दुपारी एक वाजता जेवणावळ उठवल्यासारखं पाणी ओढत होतं. सापडायला दोन दिवस गेले. वेळापत्रकात २.५ चं शिखर घेऊन वर मल्टिप्लायरही २.५ ठेवणारे तर पुष्कळ. तिथे गुणाकार ६.२५ होतो.

एकाच आकड्याने सगळं गाव गुणणं किती फसवं, हे पंढरपूर डोळ्यांपुढे आणलं की कळतं. गाव जेमतेम लाखभराचं आणि आषाढीला येणारे वारकरी लाखोंनी. म्हणून सगळ्या नोडना दहाने गुणायचं? उपनगरातल्या बंगल्यात माणसं तेवढीच राहतात, फार तर चार पाहुणे. वाढ होते ती मठांत, धर्मशाळांत, '६५ एकर' तळावरच्या राहुट्यांत, चंद्रभागेच्या वाळवंटात, आणि टँकर भरायच्या ठिकाणी. म्हणजे मोजक्या नोडवर, मोजके दिवस, आणि वेळही निराळी: स्नानाला पहाटेच झुंबड. एपानेटमध्ये नकाशावर भाग घेरून तेवढ्याच नोडची मागणी एकदम बदलता येते, आणि मागण्यांचा तो संच वेगळ्या फाइलमध्ये जपूनही ठेवता येतो. वारीची फाइल वेगळी, उन्हाळ्याची वेगळी, मुख्य वाहिनी फुटल्याची वेगळी. आगीची तर वेगळीच, कारण आग लागली म्हणून गावभर मागणी वाढत नाही. एका कोपऱ्यावर हायड्रंट उघडतो आणि सगळा भार तिथे येतो.

त्या १९९९ च्या नियमपुस्तिकेतली एक गंमत सांगायलाच हवी. ५०,००० च्या पुढे शिखर गुणक ३ वरून २.५ वर यायचा. आता ४९,००० वस्तीला तीनने गुणा: १,४७,००० माणसांइतका प्रवाह. वस्ती वाढून ५१,००० झाली, गुणा अडीचने: १,२७,५००. माणसं वाढली आणि सकाळची गर्दी घटली! मोठ्या गावात सगळे एकाच मिनिटाला नळ सोडत नाहीत, हे खरं. पण ती उतरण हळूहळू व्हायला हवी, पायरीसारखी नाही. तीस वर्षांचा अंदाज टप्प्याटप्प्याने चालवणाऱ्याने मधल्या वर्षी आलेख खाली का वळला म्हणून डोकं खाजवलं, तर चूक त्याची नसते.

एक परिस्थिती मात्र मी विद्यार्थ्यांकडून आवर्जून चालवून घेतो, आणि ती कोणी आपणहून चालवत नाही: मागणी कमी करायची. मल्टिप्लायर ०.३ ठेवा, वेळ पहाटे तीनची. पाणी जवळपास उभं राहतं, घर्षण नाहीसं होतं आणि टाकीची सगळी उंची सखल भागातल्या जुन्या जोडांवर बसते. पाइप फुटतात ते बऱ्याचदा या वेळी. शिवाय तीस वर्षांनंतरच्या वस्तीसाठी घातलेल्या जाड पाइपांत पहिली दहा वर्षं पाणी मुंगीच्या पावलांनी सरकतं. टाकीत घातलेलं क्लोरीन वाटेतच उडून जातं आणि शेवटच्या नळाला दिसायला स्वच्छ पण निर्धास्तपणे पिता न येणारं पाणी पोचतं. एपानेट मुळात तयार झालं ते नळ्यांमधून पाणी फिरताना त्याच्या गुणवत्तेचं काय होतं, याचा माग काढायलाच. पाण्याचं वय तासांत दाखवायची सोय त्यात पहिल्यापासून आहे. उणे तेरा बघून घाबरलेल्या त्या पोराला मी तेच करून पाहायला सांगितलं. त्याच गावात, त्याच पाइपांत, शेवटच्या नळाशी पाण्याचं वय निघालं दोन दिवसांच्या वर. दाब मात्र अगदी उत्तम होता, जवळजवळ पंचवीस मीटर.